आबांचा जुना खोकला

माझ्या लेकीला पहिल्यांदा धाप लागली ती तासगावात, माझ्या सासऱ्यांच्या बेदाणा शेडवर. तेव्हा ती नुकतीच शाळेत जायला लागली होती. मार्चचे दिवस, शेडवर कामाची घाई. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं वाळून झाली होती आणि तयार मालाला गंधकाची धुरी द्यायचं काम चाललं होतं. धुरीनं बेदाणा पिवळाधमक राहतो. त्या खोलीकडं पोरांनी फिरकायचं नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. पण मामाच्या पोरांशी लपाछपी खेळताना आमची पोर नेमकी त्या खोलीच्या मागं जाऊन बसली.

बाहेर आली ती खोकतच. आधी आम्हाला काही वाटलं नाही. गंधकाचा वास नाकात गेला की कुणालाही ठसका लागतो. सासूबाईंनी गूळपाणी दिलं, पाठ चोळली. पण खोकला थांबेना. थोड्या वेळानं मी तिचा फ्रॉक वर करून बघितलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि गळ्याखाली खळगा पडत होता. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, हवा येत नाही."

तासगावच्या दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावून वाफ दिली. हळूहळू तो खळगा भरला, ओठांचा रंग परत आला आणि ती माझ्या मांडीवरच झोपली. मला वाटलं, गंधकामुळं झालं, संपलं.

संपलं नव्हतं. साताऱ्याला परतल्यावर सर्दी झाली की तेच. शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला की तेच. सणाला घरं झाडायला काढली की तेच. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम करतो. भाग कुठं बिघडला आणि का बिघडला हे शोधणं माझं रोजचं काम. घरी मात्र पोरीच्या छातीला कान लावून बसायचो आणि काही कळायचं नाही.

शेवटी साताऱ्यातल्या मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मध्यम वयाच्या, बोलायला संथ. त्यांनी पोरीला तपासलं, तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या आणि मग आम्हाला सांगितलं, "हा बाळदमा आहे. घाबरू नका, आटोक्यात राहतो." मग विचारलं, "घरात कुणाला दमा?"

कुणाला नव्हता.

"तुम्हा दोघांपैकी कुणाला लहानपणी छातीचा मोठा आजार झाला होता का? न्यूमोनिया, डांग्या खोकला, टीबी, असलं काही?"

बायको लगेच म्हणाली, "मला कांजिण्या सोडल्या तर काहीच नाही." मीही मान हलवून नाही म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला एक गोष्ट आठवली, जी मी कितीतरी वर्षांत आठवली नव्हती.

मी कुंडल गावचा. लहान असताना आई मला लघवीला कधी इतर पोरांबरोबर जाऊ द्यायची नाही. हाताला धरून गोठ्याच्या मागं न्यायची, आडोशाला उभी राहायची आणि झालं की तांब्याभर पाणी ओतायची. कारण माझी लघवी लाल असायची. तांबडीलाल, रंगपंचमीच्या पाण्यासारखी. मला त्याची गंमत वाटायची. पोरांना दाखवावीशी वाटायची. आई म्हणायची, "कुणाला सांगायचं न्हाई हं. तुझं नि माझं गुपित." मग ते कधीतरी बंद झालं आणि मी विसरून गेलो.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. सांगताना जरा लाज वाटली. त्या मात्र पुढं झुकल्या. "टीबीच्या एका औषधानं तसा रंग येतो. आईंना विचारा. आणि घाईनं कुठला निष्कर्ष काढू नका."

घरी येऊन आईला फोन लावला. पोरीची तब्येत सांगितली, मग विचारलं, "आई, मला लहानपणी टीबी झाला होता का?" पलीकडं आमची म्हैस ओरडली. मग आई म्हणाली, "रविवारी ये. फोनवर न्हाई सांगायची गोष्ट ही."

बायकोला त्या रविवारी कामावर जायचं होतं. मी पोरीला घेऊन कुंडलला गेलो. घरी आई आणि आबा, माझे वडील, दोघंच असतात. आबा फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस बघतात. आम्ही पोचलो तेव्हा ते गोठ्यात होते. पोर वासराकडं पळाली. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, चहा पुढं ठेवला आणि भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"तू तवा लय बारका. तुझं आबा लांबच्या सुट्टीवर आल्तं. येतानाच खोकत आल्तं. थंडीच्या मुलखात ड्यूटी, आमाला वाटलं गारठ्यानं असंल. तुला तर बाप ठावंच नव्हता. आधी जवळ जाईनास, रडायचास. मग एकदा वळख पटली नि सोडायचं नाव न्हाई. दुपारी ते पडलं की तू त्यांच्या छातीवर. झोप आली की छातीवर. जेवायला उठवायचं तरी तिथनं ओढून काढावं लागायचं."

"मग?"

"मग सुट्टी सपली, ते गेलं. तिकडं रक्त पडलं खोकल्यातनं. मिलिट्रीच्या दवाखान्यात ठेवलं. त्यांच्या पलटणीतला शेजारच्या गावचा एक गडी सुट्टीवर आल्ता, त्यो सांगत आला की वहिनी, पोराला दाखवून घ्या. तवर तू निम्मा झाल्तास. सांजचा ताप यायचा. मानंला इथं गाठी. सांगलीला नेलं. डाक्टर म्हणलं, प्रायमरी कॉम्प्लेक्स."

लहान मुलांच्या टीबीला डॉक्टर वापरतात तो हा शब्द आईनं न अडखळता उच्चारला. इतकी वर्षं मनात जपून ठेवल्यासारखा.

"लई म्हयनं औषध चाललं. बरा झालास. पण गावात सांगायची सोय हुती व्हय? तुला कुणी खेळायला घेतलं नसतं. माझ्या हातचं पाणी पिलं नसतं कुणी. म्हणून मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं न्हाई. तुझ्या मामाला बी न्हाई."

मी विचारलं, "आणि आबा?"

आईचे हात थांबले. "ते बरं होऊन आलं. डाक्टरनं लिहून दिल्यालं की आता ह्यांच्यापास्नं कुणाला काय न्हाई. मी बी सांगितलं, आवं, घ्या पोराला. तू तर धावत गेल्तास त्यांच्याकडं. पण त्येनी तुला परत कवा जवळ घेतलं न्हाई बघ."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या आठवणीतले आबा डोळ्यांपुढं यायला लागले. सुट्टीवर आले की मी पळत जायचो आणि ते लांबूनच हात उंच करून म्हणायचे, "सावधान!" मी जागच्या जागी ताठ उभा राहायचो. मग ते पेटी उघडून खाऊ काढायचे आणि हात लांब करून माझ्या हातावर ठेवायचे. बोलताना तोंड एका बाजूला वळवायचे. मी ती फौजी शिस्त समजत होतो. शाळेत अभिमानानं सांगायचो, आमचे आबा लय कडक. पुढं माझं लग्न झालं, पोर झाली. बारशाला सगळ्यांनी तिला मांडीवर घेतलं. आबांनी तिच्या मुठीला बोट लावलं आणि बाजूला झाले. बायकोनं तेव्हा मला हळूच विचारलं होतं, "आबांना मुलगा हवा होता का?" मी म्हणालो होतो, "नाही गं, ते तसेच आहेत."

आबा दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही. पायाला शेण, हातात वैरणीची दोरी.

"डाक्टर काय म्हणल्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बाळदमा आहे, त्यांनी आमचे जुने आजार विचारले, एवढंच.

"म्हंजी माझ्यामुळं झालंय का तिला?"

"मला माहीत नाही, आबा."

"मग इचारू की. मी येतो."

आई म्हणाली, "आवं, आता ऊस तोडायला आल्यात माणसं."

"तोडतील," आबा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

साताऱ्याला डॉक्टरांच्या खोलीत आबा बसले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलासमोर ताठ उभे राहिले. मी खुर्ची पुढं सरकवली, त्यांनी ती मागं सारली.

"म्याडम, सरळ सांगा. मला टीबी झाल्ता. माझ्यापास्नं ह्येला झाला. आता ह्येच्यापास्नं पोरीला आलाय का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला टीबी नाही. मी तपासून घेतलंय. तुमचा आजार औषधांनी कधीच गेला, तुमच्या मुलाचाही गेला. तिचा दमा हा वेगळा आजार आहे. तो कुणाकडून कुणाला लागत नाही."

"मग तुमी ह्येला जुनं आजार का इचारलं?"

आबांना सोपं करून सांगायचं की खरं सांगायचं, असा विचार त्या करत असाव्यात, असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आई-वडिलांना लहानपणी मोठा संसर्ग झाला असेल तर पुढं त्यांच्या मुलांच्या छातीवर त्याचा काही परिणाम होतो का, यावर अभ्यास चाललेत. काहीतरी होत असावं अशी शंका आहे. कसं होतं, किती होतं, हे अजून कुणाला नीट माहीत नाही. आणि एखाद्या मुलाकडं बघून 'ह्याला ह्याच्यामुळंच झालं' असं तर कुणीच सांगू शकत नाही. मी पण नाही."

"म्हंजी असंल बी नि नसंल बी."

"हो. मला कळलं तर मी तिच्या सर्दीकडं जरा लवकर लक्ष देईन, एवढाच त्याचा उपयोग. तिला त्रास होतो तो गंधकाच्या धुरीनं, धुरानं, धुळीनं. त्यावर आपल्याला काहीतरी करता येतं. झालेल्या गोष्टीवर नाही."

आबांनी मान हलवली. पण प्रश्न संपला नव्हता. खालच्या आवाजात म्हणाले, "म्हयन्यांनी सुट्टीवर आल्तो नि पोराला छातीवर घेतलं. लय चुकलं माझं."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, की टीबी आहे?"

"न्हाई."

"मग पोरगं इतक्या महिन्यांनी भेटल्यावर बापानं दुसरं काय करायचं होतं?"

आबा बसले. खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. पोर त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं मला विचारलं, "बाबा, आबांना पण हवा येत नाही का?"

खात्रीसाठी डॉक्टरांनी माझा आणि आबांचा छातीचा फोटो काढायला सांगितला. दोन्ही चांगले निघाले. माझ्या फोटोत एका बाजूला मिरीएवढा पांढरा ठिपका होता. जुना वाळलेला व्रण, त्याला काही करायला नको, असं त्यांनी सांगितलं. आबांनी तो फोटो खिडकीच्या उजेडाकडं धरून बराच वेळ बघितला.

मग गोष्ट आली दम्याच्या पंपाची. बाकी सगळ्या गावासारखंच आबांनीही ऐकलं होतं की पंपाची सवय लागते, एकदा लावला की जन्मभर सुटत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की उलट पंपातून औषध थेट छातीत जातं म्हणून ते अगदी थोडं लागतं. लहान मुलाला नुसता पंप ओढता येत नाही म्हणून मध्ये प्लास्टिकची नळी लावायची. तिच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला तोंडावर बसणारा मास्क. आबा असे ऐकत होते, जणू नवी बंदूक हातात दिलीय. दोनदा स्वतः करून दाखवलं. "बरोबर?" "बरोबर." मग मला म्हणाले, "मी थोडं दिवस हितंच राहतो. हिचं एकदा बसवून देतो."

बसवणं सोपं नव्हतं. पोरीला तो मास्क अजिबात आवडायचा नाही. मान फिरवायची, हात झटकायची, रडायची. रडली की श्वास आणखी अडकायचा. सकाळी शाळेच्या घाईत बायको एका हातानं डबा भरायची आणि दुसऱ्या हातानं तिला धरायची. आबा समोर उभे राहून हुकूम सोडायचे, "पंप हलव. लाव. श्वास सोड. घे. थांब." पोर काही फौजेत नव्हती. ती ऐकायची नाही.

एका सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो. मागं खोलीत नेहमीचं चाललं होतं. बायको वैतागून म्हणाली, "आता तुम्हीच बघा हिच्याकडं, माझी बस जाईल." मी वळलो, तोंडाला फेस तसाच. तेवढ्यात पोर आईच्या हातातून सुटली, खुर्चीवर बसलेल्या आबांकडं गेली आणि पाठ करून सरळ त्यांच्या मांडीवर चढून बसली.

"आबा, तुम्ही धरा. आई दाबून धरते."

आबांचे दोन्ही हात वर हवेत राहिले. पोलिसानं थांबवल्यासारखे. तोंड त्यांनी जुन्या सवयीनं बाजूला वळवलं. मला पुढं व्हावंसं वाटलं, आणि मी जागचा हललो नाही.

पोरीनं मान मागं टाकून वर बघितलं. मग वळून त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडं फिरवलं. "इकडं बघा ना. तुम्ही बघितल्याशिवाय मला कसं कळणार, श्वास कधी घ्यायचा?"

आबांनी हात खाली आणले. एक तिच्या पोटावर ठेवला, दुसऱ्या हातानं मास्क हळूच तिच्या नाकातोंडावर बसवला. हुकूम नाही, काही नाही. नुसता स्वतः श्वास घेतला, दिसेल असा, मोठा. तिनं घेतला. त्यांनी सोडला, तिनं सोडला. बायको डबा हातात घेऊन तशीच उभी. तिची बस गेली असावी, पण त्याबद्दल ती नंतरही काही बोलली नाही.

औषध संपलं तरी पोर उठली नाही. मागं रेलून आबांच्या छातीला डोकं टेकवून बसली आणि म्हणाली, "तुमच्या आत ठकठक वाजतंय."

"वाजणारच," आबा म्हणाले. "जुनी मशीन हाय."

मी परत आरशाकडं वळलो. फेस वाळून गेला होता.

आबा ठरल्यापेक्षा बरेच दिवस राहिले. एका संध्याकाळी आम्ही दोघं पोरीला घेऊन बागेत गेलो होतो. ती झोपाळ्यावर होती. मी धीर करून विचारलं, "आबा, डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं ना, की आता काही होत नाही म्हणून? मग?"

ते झोपाळ्याकडं बघत म्हणाले, "सांगितल्यालं. डोक्याला पटल्यालं बी. पण मी आलो तवा तू पळत आलास नि तुझ्या बरगड्या मोजता येत हुत्या. हातच उठला न्हाई गड्या. म्हणलं, अजून जरा दिवस जाऊ द्या. मग जरा दिवस, मग आणखी. मग तू मोठा झालास. मोठ्या पोराला कसं उचलायचं?"

मी त्यांच्या जरा जवळ सरकून बसलो. ते बाजूला झाले नाहीत.

पोरीचा दमा गेला असं मी म्हणणार नाही. पुढच्या पावसाळ्यात तिला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं आणि आम्ही सगळेच पार खचलो होतो. पण आता खोकल्याचा पहिला सूर लागला की काय करायचं ते आम्हाला कळतं, आणि तिलाही. धुरीच्या दिवसांत आम्ही तासगावला जात नाही, हंगाम उरकला की सासरेच इकडं येतात. ती शाळेत पळते, मध्येच थांबते, परत पळते.

आबांनी कुंडलला गेल्यावर उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतरचा वाळला पाला, पेटवणं बंद केलं. सरीत कुजवायला लागले. चहाच्या टपरीवर कुणीतरी चेष्टा केली, की फौजी आता कृषी अधिकारी झाले. तेव्हा आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या नातीला दमा हाय. धुरानं तिला तरास हुतो. आणि मला सवताला टीबी हुऊन गेलाय, पोराला बी झाल्ता. छाती म्हंजी काय ते मला ठावं हाय." आई म्हणते, हे ऐकल्यावर तिच्या मनात एकच आलं. आता गाव काय म्हणेल! गाव काही म्हणालं नाही. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "आरं, मग सांगायचं न्हाईस व्हय? आमच्या बापाला बी झाल्ता. आमी बी लपवलं." त्याच आठवड्यात आबा शेजारच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या गड्याला गाडीवर मागं बसवून पलूसच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तो बरेच आठवडे खोकत होता आणि बिडीवर ढकलत होता. त्याला टीबीच निघाला. आता औषध चालू आहे. त्याच्या घरी दोन लहान लेकरं आहेत, त्यांनाही आबांनीच तपासून आणलं.

यंदाच्या दिवाळीत आम्ही कुंडलला होतो. दुपारी आई ओसरीवर करंज्या भरत बसली होती आणि पोर तिच्याजवळ. मी आत आडवा झालो होतो. आई तिला माझ्या आजारपणाची सगळी गोष्ट सांगत होती. ज्या गोष्टीचा एक शब्द तिनं इतकी वर्षं कुणाला कळू दिला नव्हता, ती आता नातीला रंगवून रंगवून सांगत होती.

"मग बाबा औषध घेताना रडायचे?" पोरीनं विचारलं.

"लय! तुझ्यापरास लय. मी मधातनं गोळी चाटवायची, त्यो गिळल्यावानी करायचा. मागनं बघते तर तुळशीच्या कट्ट्यात थुकून आल्याला."

पोर खदखदून हसली. मग ती धावत आत आली, माझ्या पोटावर बसली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही तुळशीत गोळी थुंकायचात?"

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण मी हो म्हणालो.